काळी काच आणि अण्णांचा उजवा डोळा

सिनेमाच्या युनिटमध्ये काम केलंय म्हटलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "मग कुणाकुणाला जवळनं बघितलंत?" मी म्हणतो, काचांना. लोकांना हा विनोद वाटतो. पण खरंच, माझी उमेदीची सगळी वर्षं काचा सांभाळण्यात गेली. नटनट्या माझ्या पाठीमागून आल्या आणि गेल्याही असतील. माझं लक्ष ट्रायपॉडच्या तिसऱ्या पायाकडे असायचं, तो मातीत सरकत तर नाही ना, याकडे.

मी कॅमेरा अटेंडंट होतो. पेट्या उचलायच्या, लेन्स पुसायच्या, काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून आंधळेपणानं फिल्म भरायची, आणि संध्याकाळी सगळं मोजून पुन्हा पेटीत. या कामाला लागणारा एक गुण माझ्यात जन्मजात होता. मी पक्का काळजीखोर आहे. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलो की परत येऊन ओढून बघणारा. बायको वैतागते, पण युनिटमध्ये या स्वभावाची किंमत होती. संपादकांनी "धंद्यातल्या गमतीजमती लिहा" असं सांगितलंय. गमती थोड्या आहेत, धाकधूक फार आहे, तेव्हा जे आहे तेच वाढतो.

आमचं युनिट लहान, साताऱ्यातलं. नव्वदच्या दशकात वाईच्या घाटावर मोठमोठी शूटिंगं चालायची, त्यातलं ते नव्हे. आमचे कॅमेरामन अण्णा, मूळचे सांगलीचे. सोळा एमएमचा एक कॅमेरा त्यांच्या मालकीचा. त्यावर शेतीचे, सहकारी संस्थांचे, सरकारी योजनांचे माहितीपट करायचे आणि लगीनसराईत व्हिडिओ शूटिंग. पांढरा बुशशर्ट, बोलणं कमी. चूक झाली तर ओरडायचे नाहीत, नुसते गप्प बसायचे. त्यापेक्षा चार शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

आता त्या काळ्या काचेबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. फोटोच्या कॅमेऱ्यात ऊन जास्त असलं तर शटरचा वेग वाढवता येतो. सिनेमाच्या कॅमेऱ्यात तशी सोय नाही. तो एका ठरलेल्या वेगानं फिरतो, त्यामुळे दर चौकटीवर प्रकाश पडायचा वेळही ठरलेला. लेन्सचं भोक बारीक करत न्यायचं, पण त्यालाही शेवट आहे. भर दुपारी साताऱ्याच्या उन्हात फास्ट, म्हणजे कमी उजेडासाठी केलेली, फिल्म भरली तर भोक होईल तेवढं बारीक करूनही चित्र पांढरंफटक येतं. अशा वेळी लेन्सपुढे काळसर काच लावतात. तिला एनडी फिल्टर म्हणतात. ही काच प्रकाश कमी करते आणि रंगाला हात लावत नाही. लाल ते लाल, हिरवं ते हिरवं, फक्त ऊन उतरल्यासारखं होतं.

अडचण अशी की प्रत्येक लेन्सचं तोंड वेगळ्या मापाचं. कुणाचं वाटीएवढं, कुणाचं बशीएवढं. प्रत्येकासाठी वेगळी काच घ्यायची म्हणजे अण्णांना कॅमेराच विकावा लागला असता. म्हणून सगळ्यांत मोठ्या तोंडाच्या लेन्सच्या मापाची एकच चांगली काच घ्यायची, आणि बाकीच्या लेन्सवर ती बसावी म्हणून मधे आटे पाडलेल्या रिंगा वापरायच्या. स्वयंपाकघरात मोठं झाकण लहान पातेल्यावरही चालतं, तसंच. उलटं मात्र चालत नाही. लहान काच मोठ्या लेन्सवर लावली की चित्राचे चारही कोपरे काळे येतात. आणि रुंद लेन्स असेल, म्हणजे खूप मोठा देखावा एका चौकटीत घेणारी, तर रिंगसुद्धा पातळ हवी. जाड झाली की तिचीच कड चित्रात डोकावते. आमच्याकडे अशी एकच काच होती. ती मी बायकोच्या जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचो, पेटीत नाही. पेटी पडू शकते. मीही पडू शकतो, पण पडताना मी छातीवर हात धरला असता.

या काचेवरून एकदा सांगलीत लग्नात तमाशा झाला. एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, दुपारचा मुहूर्त, उघड्या मैदानात वरात. मी व्हिडिओ कॅमेऱ्यावर काच चढवली आणि यजमान धावत आले.

"ते काळं काय लावताय? काढा ते!"

अण्णा म्हणाले, "ऊन फार आहे, शेठ. ऊन कमी करायला लावलंय."

"आवं, माजा पोरगा आदीच सावळा हाय. पोरीकडची मानसं गोरी. त्यात तुमी काळी काच लावून त्याला पार कोळसा करताय व्हय?"

अण्णांनी शांतपणे काच काढली, शेठजींच्या डोळ्यांपुढे धरली आणि म्हणाले, "मुलाकडं बघा." शेठजींनी बघितलं. मग मुलीकडच्यांकडे बघितलं. मग पुन्हा मुलाकडे. "आसं व्हय," ते म्हणाले, "ह्यातनं तर समदीच सावळी दिसत्यात. लावा, लावा." त्यांचं समाधान कशानं झालं ते अण्णांना दिवसभर हसवत होतं.

असे अण्णा क्वचितच हसायचे. आणि त्या शेवटच्या दोनेक वर्षांत तर ते अजिबात हसेनासे झाले होते, त्याचं कारण मला उशिरा कळलं.

अण्णांचा डावा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनात गेलेला होता. फार पूर्वी, मी त्यांच्याकडे लागायच्याही आधी. हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं, कारण कॅमेरामन एक डोळा मिटूनच काम करतो. त्यांचा डावा मिटलेलाच असायचा. त्यांची सगळी रोजीरोटी उजव्या डोळ्यावर होती. आणि आता उजव्यावरही पडदा येऊ लागला होता. दुसरा कुणी असता तर सरळ जाऊन ऑपरेशन करून आला असता. पण ज्याचा एक डोळा टेबलावर गेला, त्याला दुसऱ्या डोळ्यासाठी त्याच टेबलावर झोप म्हणून कोण सांगणार? शिवाय धंदा असा की "अण्णांना दिसत नाही" एवढं वाक्य पुण्यापर्यंत पोचलं असतं तरी दुसऱ्या दिवसापासून फोन वाजायचा थांबला असता.

उजव्याबद्दल त्यांनी मला एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. मला दिसत गेलं. लाइटमीटर, म्हणजे प्रकाश मोजायचं यंत्र, ते माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आकडा वाच." मला वाटायचं, मला शिकवतायत. मनात गुदगुल्या व्हायच्या. पुढे लक्षात आलं, लेन्सवरचे आकडेही ते बोटानं चाचपून, खटके मोजून लावत होते. एकदा जेवताना त्यांनी मिठाच्या वाटीत साखर समजून बोट घातलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं चाटलं. त्या दिवसापासून माझ्या काळज्यांच्या यादीत सगळ्यांत वर अण्णांचा उजवा डोळा जाऊन बसला. विचारायची हिंमत नव्हती. विचारलं असतं आणि त्यांनी "हो" म्हटलं असतं, तर पुढे काय करायचं?

अशा दिवसांत कडेगावच्या बाजूचं एक काम आलं. एका गावानं सहकारी तत्त्वावर पाणी उपसा योजना केली होती. नदीवरून पाइपातून पाणी चढवून गावाच्या नव्या पाटात सोडायचं. पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक त्यावर फिल्म करत होता. त्याला एकच शॉट मनापासून हवा होता. कोरडा ठक्क पाट, दोन्ही काठांवर अख्खा गाव, आणि समोरून पहिलं पाणी कॅमेऱ्याकडे येतंय. पाणी एकदाच पहिलं असतं. पाट एकदा भिजला की तो पुन्हा कोरडा करून "वन्स मोअर" म्हणता येत नाही. या एका गोष्टीनं माझी झोप उडाली होती.

त्यात भर म्हणजे फिल्म. आधीच्या कामाची घरातल्या शूटिंगसाठी आणलेली फास्ट फिल्म उरली होती, तीच वापरायचं ठरलं. मुहूर्त दुपारचा. म्हणजे एनडी हवीच. आणि आमची रुंद लेन्स दुरुस्तीला गेलेली. मुंबईहून भाड्यानं मागवली ती एसटीच्या पार्सलनं आदल्या दिवशी साताऱ्याला आली. मी स्टँडवरच खोका उघडला. जुन्या जमान्याची लेन्स, तोंडाचं माप भलतंच. आमच्या रिंगांपैकी एकही तिला लागेना.

मी रिक्षा करून थेट एमआयडीसी गाठली. तिथे फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. सगळे त्यांना हवालदारच म्हणायचे. आमच्या ट्रायपॉडचे स्क्रू वगैरे तेच करून द्यायचे. मी लेन्स आणि काच टेबलावर ठेवली आणि घडाघडा सगळं सांगितलं.

हवालदारांनी आधी साबणानं हात धुतले, मग कोरडे केले, मग लेन्सला हात लावला. "आटं लय बारीक हायत," ते म्हणाले. "कवा पायजे?"

"आत्ता."

"आत्ता म्हंजी चा पिऊन का त्याच्या आदी?"

मला हसू येत नव्हतं. मी म्हणालो, "अॅल्युमिनियमची करा, हलकी होईल."

"आवं न्हाई. अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम धरून बसतंय. उद्या ती रिंग निघायची न्हाई आन् तुमी माज्या नावानं बोंबलत याल. पितळंची करतो. लोण्यागत फिरंल."

लेथ सुरू झालं आणि माझे हाल सुरू झाले. पितळेचा कीस सोनेरी कुरळ्या केसांसारखा उडत होता, आणि त्यातला एक कण जरी काचेवर बसला तर? मी लेन्स शर्टाखाली पोटाशी धरून दारात उभा राहिलो. पहिली रिंग घट्ट झाली. दुसरी सैल. तिसरी लेन्सवर ठेवली आणि हवालदारांनी दोन बोटांनी नुसती फिरवली. बसली. वर काच बसवली, तीही बसली. रिंग इतकी पातळ की कोपऱ्यात येण्याची भीती नाही. मी देवाचं नाव घेतलं.

"थांबा, आजून काम ऱ्हायलंय," हवालदार म्हणाले आणि त्यांनी ती रिंग पुन्हा लेथवर चढवली. बारीक पॉलिश पेपर, मग कापडावर पावडर. आतून, बाहेरून घासून त्यांनी ती अशी लखलखीत केली की तिच्यात बघून भांग पाडावा. "माज्या हाताखालनं गेलेलं काम वळकू आलं पायजे," ते म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. टर्नरच्या धंद्यात चकाकी हीच सही. मीही म्हटलं, दागिना झालाय दागिना.

संध्याकाळी अण्णांनी रिंग हातात घेतली. आटे अंगठ्यानं चाचपले, फिरवून बघितली, "छान बसतीय" म्हणाले. दिव्याखाली धरून बघितली नाही. बघितली असती तरी त्यांना किती दिसलं असतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावात पोचलो. पाटावर एक छोटी मोरी होती, तिच्यावर कॅमेरा लावला. सकाळी ऊन बाजूनं होतं. अण्णांनी डोळा लावून चौकट ठरवली, ठीक आहे म्हणाले. गाव सणासारखं नटलेलं. योजनेचे चेअरमन, ज्यांना सगळे आबा म्हणत, कडक इस्त्रीची टोपी घालून इकडून तिकडे फिरत होते. दर थोड्या वेळानं माझ्याजवळ येऊन म्हणायचे, "सगळी मानसं येतील न्हवं फोटूत? बगा हां, येकबी ऱ्हायला न्हाई पायजे. उद्या माज्या दारात भांडनं येत्याल."

ऊन डोक्यावर आलं, आणि थंडीच्या दिवसांतलं म्हणून दक्षिणेकडे कललेलं. पाणीही दक्षिणेकडूनच यायचं होतं, म्हणजे ऊन आता कॅमेऱ्याच्या समोर. मी एनडी चढवली. नेहमी उन्हापासून आडोसा म्हणून लावायचं झापड या लेन्सवर बसत नव्हतं, आणि छत्री धरावी तर रुंद लेन्समध्ये छत्रीची कड येत होती. अण्णांनी आयपीसला, म्हणजे कॅमेऱ्यात बघायच्या भिंगाला, डोळा लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"दत्ता, काच पूस."

मी पुसली. ते पुन्हा वाकले.

"पुन्हा पूस. डाग राहिलाय."

मी काच उन्हाकडे धरून बघितली. डागाचा मागमूस नव्हता. तरी पुसली. अण्णा पुन्हा वाकले, सरळ झाले, रुमालानं स्वतःचा डोळा पुसला. हलक्या आवाजात म्हणाले, "हवेत धूळ फार आहे आज."

हवेत धूळ नव्हती. पार डोंगरापर्यंत लख्ख दिसत होतं. म्हणजे आजच? इतके दिवस ज्याची भीती वाटत होती ते आज, या शॉटलाच? त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ घट्ट मिटलेले. ते कुणाकडेच बघत नव्हते. दिग्दर्शकानं लांबून विचारलं, "अण्णा, रेडी ना?" अण्णांनी हात वर केला. काही न दिसताना तो हात वर करणं काय असतं, ते मी त्या दिवशी बघितलं.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. अटेंडंट कॅमेरा पुसतो, उचलतो, दसऱ्याला त्याला हारही घालतो, पण आयपीसला डोळा लावत नाही. तो मान कॅमेरामनचा. दिग्दर्शकसुद्धा विचारून बघतो. इतकी वर्षं कॅमेरा माझ्या खांद्यावर होता, पण अण्णांनी चौकट लावल्यावर आत काय दिसतं ते मी कधी बघितलं नव्हतं. बघावंसं वाटायचं. फार वाटायचं. अण्णांच्या जागी आपण बसलोय असं स्वप्नही पडायचं, आणि जाग आली की चोरी केल्यासारखं वाटायचं.

तेवढ्यात आबांनी अण्णांना नारळ फोडायला बोलावलं. अण्णा नको नको म्हणत होते, आबांनी हात धरूनच नेलं. मी कॅमेऱ्यापाशी एकटा राहिलो. इकडेतिकडे बघितलं आणि डोळा लावला.

आत दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. पाट, माणसं, डोंगर, सगळ्यांवर एक धुरकट पडदा. मी डोळा काढला, चोळला, पुन्हा लावला. तसंच.

पहिल्यांदा मला काय झालं असेल तर आनंद. इतका आनंद की तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. अण्णांचा डोळा नव्हे, हे मलाही दिसतंय! आणि दुसऱ्या क्षणी लक्षात आलं. म्हणजे हे फिल्मवरही असंच येणार. मुंबईच्या लॅबमधून चित्रं धुऊन आली की मगच कळणार, आणि तोवर पाट भिजून कधीचा हिरवा झालेला असणार.

काच स्वच्छ, लेन्स स्वच्छ, मग हे आलं कुठून? मी काच काढली आणि रिंग उन्हात चमकली. डोळे दिपले. तिथेच उत्तर होतं. समोरचं ऊन काचेतून आत शिरत होतं, रिंगच्या आतल्या कडेवर आपटत होतं आणि तिथून सगळं लेन्समध्ये उसळत होतं. कंपनीच्या रिंगा आतून काळ्या असतात, तेही खरबरीत काळ्या, त्या याचसाठी. मला आपला तो कंपनीचा रंग वाटायचा. हवालदारांनी जीव ओतून केलेली चकाकीच मुळावर आली होती.

काळं करायचं कशानं? काजळ, तव्याची मशी, सगळं मनात येऊन गेलं. पण त्याची भुकटी काचेवर पडली तर संपलंच. मग आठवलं. फिल्मचा डबा उघडला की आत फिल्म एका काळ्या, बिनचकाकीच्या कागदात असते. मी पेटीतून तो कागद काढला, कात्रीनं बारीक पट्टी कापली आणि रिंगच्या आत बसवायला लागलो. पट्टी दोनदा निसटली.

"चौकट लावल्यावर कॅमेऱ्याला हात कुणी लावला?"

अण्णा समोर उभे होते. हातात अर्धा नारळ.

मी म्हणालो, "अण्णा, मी आत बघितलं."

त्यांचं ते गप्प बसणं मला आजही ऐकू येतं.

"पांढरं दिसत होतं, अण्णा. सगळं पांढरं. ही रिंग चमकतीय, ऊन तिच्यावरनं आत जातंय."

अण्णांनी नारळ मोरीच्या कठड्यावर ठेवला. "तुला दिसलं?" त्यांनी विचारलं. "तुलापण पांढरं दिसलं?"

"हो अण्णा."

ते मटकन पेटीवर बसले. एका हातानं तोंड झाकलं. खांदे हलत होते, आणि ते हसतायत की रडतायत हे मला सांगता येणार नाही. "अरे, मला वाटलं..." एवढंच म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "बसव ती पट्टी. नीट बसव. घाई करू नकोस."

पट्टी एकदाची बसली. वर काच चढवली. तिकडे आबांचा माणूस निशाण हलवत होता. पंप सुरू झाल्याची ती खूण. गावानं एकच कल्ला केला. अण्णा वाकले, डोळा लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. इतकं टक लावून मी माझ्या मुलांच्या निकालाकडेही कधी बघितलं नाही.

खूप वेळानं त्यांनी मान वर केली.

"निम्मं गेलं," ते म्हणाले.

"निम्मं? अण्णा, मग अजून कुठून तरी..." मी रिंगकडे हात नेला.

त्यांनी माझा हात धरला. "तू बघ."

मी वाकलो. आत लख्ख होतं. पाटाच्या तळातली भेग न् भेग दिसत होती. काठावरच्या बायकांच्या लुगड्यांचे काठ वेगवेगळे ओळखू येत होते. मी म्हणालो, "अण्णा, एकदम स्वच्छ आहे."

"मग उरलेलं निम्मं माझं आहे," अण्णा म्हणाले. "बस तू."

मला कळेना. की कळत होतं आणि ऐकायचं नव्हतं. मी म्हणालो, "अण्णा, मला नाही जमणार. हा शॉट परत मिळायचा नाही."

"म्हणूनच म्हणतोय, बस. वाद घालायला वेळ नाही. भोक मी लावतो, मीटर तू आत्ताच वाचलायस. बटण दाब म्हटलं की दाब."

मी बसलो. ज्या जागेची स्वप्नं बघितली होती ती जागा मला मिळाली, आणि मला वाटत होतं कुणीतरी येऊन मला तिथून उठवावं. अण्णांनी खटके मोजत लेन्स लावली. "दाब." कॅमेरा घरघरू लागला. अण्णा माझ्या उजव्या हाताला उभे होते, तोंड पाटाकडे.

"आलं का रे?" त्यांनी विचारलं.

आयुष्यभर ज्यांनी सगळ्यांना दाखवलं, ते मला विचारत होते. आवाज नंतर भरायचा होता, म्हणून बोलायला हरकत नव्हती, पण मी डोळा आयपीसला आणखी घट्ट लावला.

"दत्ता, पाणी आलं का?"

"आलं अण्णा. वळणावर आलंय."

"कसं आहे?"

"गढूळ आहे. पुढं पाचोळा ढकलत येतंय. त्याच्या पुढं धूळ उठतीय. पोरं काठानं पाण्याबरोबर पळतायत."

"आबा?"

"आबा डावीकडं उभे आहेत. त्यांनी टोपी काढलीय. डोळे पुसतायत टोपीनं."

"पूर्ण आहेत ना चौकटीत?"

"पूर्ण आहेत."

"मग आता काही झालं तरी हलू नकोस. श्वासपण हळू घे."

पाणी मोरीखाली शिरेपर्यंत ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो. माझा डोळा भरून आला होता आणि तो पुसायची सोय नव्हती. फिल्म संपली, कॅमेरा खट्ट करून थांबला. तेव्हा आबा येऊन अण्णांच्या गळ्यात पडले. "समदी आली न्हवं?" अण्णा म्हणाले, "सगळी आली, आबा. एकपण राहिला नाही."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये अण्णा म्हणाले, "मिरजेला एक डॉक्टर आहेत म्हणे. येशील का बरोबर?" बस, एवढंच. मी हो म्हणालो आणि पुढचे काही आठवडे मला दोन काळज्यांनी पोखरलं. फिल्म लॅबमध्ये, अण्णा दवाखान्यात. ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं तेव्हा त्यांचं घड्याळ आणि चष्मा माझ्या हातात होता, आणि मी ते नेमके त्या काचेसारखे आतल्या खिशात ठेवून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. पट्टी सोडल्यावर ते म्हणाले, दिसतंय. पण मला खात्री वाटेना. मिठाच्या वाटीतलं बोट चाटून गप्प बसणारा माणूस तो. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाला असता.

फिल्म तयार झाली तेव्हा दिग्दर्शकानं सांगलीत एका हॉलमध्ये ती दाखवली. मी अण्णांच्या शेजारी बसलो. पाण्याचा शॉट आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पडद्याकडे बघतच नव्हतो, अण्णांकडे बघत होतो. ते पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत होते. शॉट संपला तरी तसेच बघत राहिले. तेच ते गप्प बसणं.

मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दत्ता, वर आभाळ फार सोडलंयस."

इतकं बरं मला आयुष्यात कशानंही वाटलेलं नाही. त्यांनी फिल्म पुन्हा लावायला सांगितली, आणि या खेपेला मीही पडद्याकडे बघितलं. आभाळ खरंच फार सुटलं होतं.